हात बरा झाला, हे कशावरून?



डिसेंबर-जानेवारीचे दिवस आले की आपल्याकडे विज्ञान प्रदर्शनांची धामधूम सुरू होते. प्रदर्शन तालुक्याचे असो की जिल्ह्याचे, त्यात एक प्रयोग हमखास असतो. पुठ्ठ्याचा किंवा लाकडी पट्ट्यांचा हात, त्याला जोडलेल्या इंजेक्शनच्या पिचकाऱ्या आणि त्यांत भरलेले रंगीत पाणी. एका पिचकारीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा दट्ट्या पुढे सरकतो आणि पुठ्ठ्याचा हात खडूचा डबा उचलतो. पास्कलचा नियम त्यातून छान समजतो. प्रयोग चांगला आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही.

परंतु पाहणाऱ्यांची नजर पुठ्ठ्याच्या हातावर असते. दट्ट्या दाबणाऱ्या खऱ्या हाताकडे कोणीच पाहत नाही. माझे म्हणणे असे की, तो खरा हात हाच अभ्यासाचा मोठा विषय आहे. तो एकदा लुळा पडला तर पुन्हा कसा चालू होतो, हा प्रश्न तर आपल्या प्रत्येक गावातला आहे. तो डॉक्टरांवर सोपवून मोकळे व्हावे असा नाही. मोजणे आणि तुलना करणे या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या दोन गोष्टींवाचून तो सुटत नाही, हे मला या लेखात सांगायचे आहे.

आपल्या वऱ्हाडात ‘लकवा मारला’ म्हणतात, कुठे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. पुस्तकात त्याला पक्षाघात किंवा अर्धांगवायू असे नाव आहे. वाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मेंदूच्या एखाद्या भागाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्त थांबले की तिथल्या चेतापेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली मांडण्यात आला. मेंदूच्या डाव्या भागाकडे उजव्या अंगाचा आणि उजव्या भागाकडे डाव्या अंगाचा कारभार असतो. म्हणून इजा डावीकडे झाली तर उजवा हात पडतो. हातात, हाडात, स्नायूत काही बिघाड नसतो. हुकूम पाठवणारे ठाणे उद्ध्वस्त झालेले असते.

हा रोग शहरातल्या बैठ्या माणसांचा, अशी पुष्कळांची समजूत आहे. गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांत दोन वर्षे मृत्यूंची कारणे शोधून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या खेड्यांत दर सात मृत्यूंपैकी एक मृत्यू पक्षाघाताचा होता. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक पहिला लागला, आणि त्यांतील बहुतेक माणसे घरीच दगावली. विदर्भाचेच हे चित्र आहे. जे वाचतात त्यांच्यापैकी अनेकांचा एक हात नीट चालत नाही. ज्याचे पोट विळा, वखर, शिलाई यंत्र किंवा तराजू यांवर आहे, त्याच्या दृष्टीने हात जाणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

हाताचे गणित

आता हाताकडे भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहा. खांदा तीन प्रकारे फिरतो, कोपर एका प्रकारे वाकते, कोपरापुढचा भाग स्वतःभोवती वळतो, मनगट दोन प्रकारे हलते. झाले सात. हवेतील एक बिंदू ठरवायला तीन संख्या पुरतात. तिथे तळहात कोणत्या दिशेने धरायचा हे ठरवायला आणखी तीन. म्हणजे सहा पुरेत, पण निसर्गाने सात दिले आहेत. करून पाहा. तळहात टेबलावर सपाट टेकवा, खांदा हलवू नका, आणि कोपर वर-खाली फिरवा. तळहात जागचा हलला नाही, तरी कोपर फिरले! तांब्या उचलण्याच्या असंख्य रीती आहेत आणि मेंदू दर वेळी त्यांतील एक निवडतो.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन याने १९२०नंतरच्या दशकात मॉस्कोत छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हातांना छोटे दिवे बांधून त्यांची छायाचित्रे घेतली. त्याला असे दिसले की, कसलेल्या कामगाराचे सांधे प्रत्येक घावाला थोड्या निराळ्या मार्गाने जातात, हातोडा मात्र नेमका छिन्नीवर बसतो. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की, सराव म्हणजे तीच हालचाल पुन्हापुन्हा करणे नव्हे. तोच प्रश्न पुन्हापुन्हा सोडवणे. हे वाक्य मनात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

निरोगी माणूस समोरची वस्तू घ्यायला हात पुढे करतो तेव्हा पंजा जवळजवळ सरळ रेषेत जातो. त्याचा वेग हळूहळू वाढतो, मधोमध सर्वांत जास्त होतो आणि पुन्हा कमी होतो. वेग आणि काळ यांचा आलेख काढला तर घंटेसारखा एकच उंचवटा दिसतो. १९८५ साली तामार फ्लॅश आणि नेव्हिल होगन यांनी दाखवले की, त्वरणातील बदल म्हणजेच हिसका कमीत कमी ठेवायचा असे गृहीत धरले, तर गणिताने नेमका हाच आलेख मिळतो. लकव्यानंतर हा एक उंचवटा मोडून त्याचे अनेक लहान उंचवटे होतात. हात थांबत थांबत, तुकड्यातुकड्यांनी पुढे जातो. सुधारणा होऊ लागली की तुकडे एकमेकांत मिसळत जातात. ही सफाई एका संख्येत कशी मोजावी यावर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शिवकुमार बालसुब्रमण्यन यांनी केलेले काम जगभर वापरले जाते.

आणखी एक हिशेब. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असतो. ६० किलोच्या माणसाचा हात ३ किलोचा. हात आडवा पसरला तर त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर येतो. मग खांद्यावरील बलाचे आघूर्ण ३ × ९.८ × ०.३, म्हणजे जवळजवळ ९ न्यूटन-मीटर. आपल्याला ते जाणवतही नाही. परंतु लकवा झालेल्या माणसाने हात उचलण्याचा जोर लावला की पुष्कळदा कोपर आपोआप आत वळते; खांदा आणि कोपर जणू एकाच दोरीला बांधले जातात. हाताचे वजन टेबलावर टेकवले की दोरी सैल होते आणि तेच कोपर अधिक सरळ होते. फिजिओथेरपिस्ट रुग्णाचा हात टेबलावर ठेवून फडक्यासकट पुढे सरकवायला लावतात, तो नुसता वेळ घालवण्याचा व्यायाम नसतो. या विद्येला मराठीत ‘भौतिकोपचार’ म्हणतात, ते मला फार समर्पक वाटते.

औषधाला यश, की काळाला?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लकवा झालेल्या माणसाच्या घरी पहिल्या आठवड्यात उपायांचा पाऊस पडतो. कोणी अमुक तेल सांगतो, कोणी गंडा बांधायला नेतो, कोणी कबुतराच्या रक्ताने मालीश करायला सांगतो. प्रत्येक उपायाला साक्षीदार असतो: ‘आमच्या मामाचा हात त्यानेच उठला.’ साक्षीदार खोटे बोलत नाही. मामाचा हात खरोखरच उठलेला असतो. मग चूक कुठे आहे?

चूक अशी की, उपाय न करताही पुष्कळ हात काही अंशी उठतात. मेंदूतील सूज ओसरते, इजेच्या आसपासचा बधिर झालेला भाग पुन्हा जागा होतो, शेजारच्या पेशी नवे जोड तयार करतात. १९९४ साली कोपनहेगनमध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, ८० टक्के रुग्णांच्या हाताची जेवढी सुधारणा व्हायची तेवढी पहिल्या तीन आठवड्यांत झाली, आणि ९५ टक्क्यांची नऊ आठवड्यांत. म्हणजे या नऊ आठवड्यांत जो कोणी उपाय करील, त्याच्या पदरात यश पडणारच. पाऊस पडण्याच्या दिवसांत धोंडी काढली तर पाऊस पडतोच, तसे हे आहे.

खरे-खोटे करण्याचा मार्ग एकच. सारख्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला उपाय द्यायचा, दुसऱ्याला नेहमीचे उपचार चालू ठेवायचे. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातला हे सांगायचे नाही. समजा, उपाय घेतलेल्या १० पैकी ७ सुधारले. हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. न घेतलेल्या १० पैकीही ७ सुधारले असतील तर उपायाची किंमत शून्य.

हा नियम गंड्याला लावायचा आणि यंत्राला लावायचा नाही, असे करून चालणार नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९८९नंतर होगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकवा झालेला हात धरून त्याच्याकडून सराव करून घेणारा यंत्रमानव तयार केला. कल्पना सुंदर, गणित पक्के. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर त्याची कसोटी घेतली गेली आणि २०१९ साली निकाल आला. यंत्राने सराव केलेल्यांच्या हालचाली थोड्या सुधारल्या, पण रोजच्या कामात हात वापरण्याच्या बाबतीत ते नेहमीच्या उपचारांच्या रुग्णांपुढे गेले नाहीत.

आता आपल्या देशातील कसोटी पाहा. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण, आणि प्रश्न असा: घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकरवी घरी सराव करून घेतला तर उपयोग होतो का? २०१७ साली निकाल जाहीर झाला. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेले दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के. ‘जास्त आणि लवकर म्हणजे चांगले’ हाही भ्रम निघाला. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवरील २०१५च्या कसोटीत, पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून बसवण्या-चालवण्याने उलट परिणाम थोडे वाईट आले.

हे वाचून कोणी म्हणेल, ‘मग काहीच उपयोग नाही!’ तसे मुळीच नाही. या निकालांनी काय काम करत नाही ते सांगितले, आणि तेही तितकेच मोलाचे ज्ञान आहे. अशा निकालाला अपयश समजणे मला पटत नाही. गरीब घराचा पैसा आणि पहिले मोलाचे आठवडे कशावर घालवू नयेत, हे त्यातूनच कळते.

सरावाची मोजणी

काम करणाऱ्या गोष्टीही याच रीतीने सापडल्या. अमेरिकेतील एडवर्ड टाऊब यांनी १९६०नंतरच्या काळात माकडांवरील प्रयोगांत एक विचित्र गोष्ट पाहिली. एका हाताच्या संवेदना नेणाऱ्या चेता तोडल्यावर माकड तो हात वापरणे सोडते. पण चांगला हात बांधून ठेवला तर त्याच ‘निकामी’ हाताने ते खाऊ लागते! म्हणजे हात न वापरणे ही काही अंशी लागलेली सवय होती. त्यावरून माणसांसाठी एक पद्धत तयार झाली: चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दोन आठवडे रोज कित्येक तास दुबळ्या हाताकडून काम करून घ्यायचे. २००६ साली २२२ रुग्णांवरील कसोटीत ही पद्धत नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरली. हे रुग्ण लकव्यानंतर तीन ते नऊ महिन्यांनी आलेले होते; म्हणजे उशिराही दार पूर्ण बंद होत नाही. मात्र ज्यांना मनगट आणि बोटे थोडी तरी उघडता येतात त्यांनाच ती लागू पडते, आणि ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायची असते. घरी कोणाचा हात बांधून ठेवू नका.

१९९६ साली रँडॉल्फ नुडो यांनी माकडांच्या मेंदूत याचे कारण पाहिले. इजेनंतर सराव दिला नाही तर शेजारच्या निरोगी भागातील हाताचा नकाशाही आक्रसतो. सराव दिला तर तो टिकतो, कधी विस्तारतो.

परंतु सराव किती? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३१२ उपचारसत्रे प्रत्यक्ष बसून मोजली गेली. ज्या सत्रांत हाताच्या उपयुक्त कामाचा सराव झाला, त्यांत सरासरी ३२ वेळा झाला. प्राण्यांच्या प्रयोगांत हीच संख्या रोजची काही शे असते. आता आपल्या पऱ्हाटीकडे या. एका बोंडातून ४ ग्रॅम कापूस निघतो असे धरले, तर दिवसात २० किलो वेचणाऱ्या बाईची बोटे ५,००० वेळा उघडतात आणि मिटतात. कुठे ५,००० आणि कुठे ३२! आणि प्रत्येक बोंड निराळ्या उंचीवर, निराळ्या दिशेला. बर्नस्टाइनचा तोच प्रश्न पुन्हापुन्हा सोडवला जातो. मी असे म्हणत नाही की रुग्णाला वावरात पाठवा. मी म्हणतो, मोजा. ‘व्यायाम केला’ हे उत्तर नव्हे. किती वेळा केला, हे उत्तर.

हे शास्त्र आपल्या मातीला परकेही नाही. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. वेल्लोरला १९४८नंतर डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांसाठी स्नायूंच्या दोऱ्या एका जागेवरून दुसऱ्या जागी जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. अशा शस्त्रक्रियेनंतर मेंदूला जुन्या तारेवरून नवे काम करायला शिकावे लागते, आणि ते शिकवणारा भौतिकोपचारच असतो. अमरावतीचे तपोवन आणि परतवाड्याजवळचे कोठारा येथील कुष्ठरोग रुग्णालय यांमुळे आपल्या भागाला दुखावलेल्या हातांची ओळख जुनीच आहे.

शाळेत काय करता येईल?

पिचकाऱ्यांचा हात अवश्य करा, पण शेजारी खरा हात मोजून ठेवा. रुग्णांवर कोणताही प्रयोग करायचा नाही, ही पहिली अट. स्वतःचे हात पुरेसे आहेत.

सुताराकडून अडीच सेंटिमीटरचे १५० लाकडी ठोकळे करून घ्या. एका पसरट खोक्याच्या मधोमध १५ सेंटिमीटर उंचीची पट्टी उभी करा. एका वेळी एकच ठोकळा, ६० सेकंदांत किती ठोकळे पट्टीपलीकडे जातात ते मोजा. ही चाचणी रुग्णालयांतही खरोखर वापरली जाते. वर्गातील प्रत्येकाने डाव्या हाताने तीन वेळा करून सरासरी काढावी. (डावखुऱ्यांनी उजव्या हाताने.) मग चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाने दहा दिवस रोज त्याच हाताने ठरावीक वेळा हरभरे वेचून वाटीत टाकावेत. दुसऱ्याने काहीच करू नये. अकराव्या दिवशी सर्वांची चाचणी पुन्हा घ्या. मोजणाऱ्या विद्यार्थ्याला गट माहीत नसावा.

सराव न केलेला गटही पुढे गेलेला दिसला तर नवल वाटू देऊ नका. चाचणीचीच सवय होते. सरावाचे खरे फळ दोन गटांतील फरकात शोधायचे असते. हा फरक ज्या मुलीला एकदा कळला, तिला गंडेवाल्याची आणि महागड्या यंत्राच्या विक्रेत्याची, दोघांचीही परीक्षा घेता येईल. शिक्षकांनो, मनगटावर ठिपका लावून मोबाईलवर हाताचे चित्रण करा आणि ते चित्र-चित्र पुढे सरकवत आलेख काढून घ्या; गतीच्या प्रकरणातील समीकरणे मग फळ्यावरच राहणार नाहीत. बारावीनंतर काय, असे विचारणाऱ्यांना डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्याबरोबर भौतिकोपचाराचेही नाव सांगा. ती दुय्यम वाट नाही. ज्या प्रश्नाची उत्तरे अजून अर्धीच मिळाली आहेत, तिथे हुशार मुलांची खरी गरज आहे.

एक गोष्ट मात्र प्रयोगासाठी थांबणारी नाही. घरात कोणाचे तोंड अचानक वाकडे झाले, एक हात खाली पडू लागला किंवा बोलणे अडखळले, तर वेळ पाहून ठेवा आणि ताबडतोब १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचे सी.टी. स्कॅन करावे लागते. तेल-मालीश करत सकाळची वाट पाहू नका.

आणि यापुढे कोणी खात्रीचा उपाय सांगितला तर नम्रपणे तीन गोष्टी विचारा: काका, किती जणांना दिला? ज्यांना दिला नाही त्यांचे काय झाले? आणि मोजले कोणी? तुमच्या शाळेने ठोकळ्यांचा प्रयोग केला तर आकडे या मासिकाकडे जरूर पाठवा. ज्यांचा हात सुधारला नाही त्यांचेही आकडे त्यात असू द्या.